हे कुठल्या जबड्याचं?

सोमवार, ३ मार्च

नाव तरी कळलं! पेरोनीज. लिंगाच्या आतल्या पडद्यात निबर गाठ धरते, मग ताठ झालं की ते एका बाजूला वाकतं, दुखतं. तज्ज्ञ माझ्याहून लहान. "डॉक्टर, तुम्हीही रोज हेच करता की!" म्हणाला. मी दात सरळ करतो, महाशय! वर स्वतःच हसला.

शॉकवेव्हने, म्हणजे ध्वनिलहरींच्या माऱ्याने, दुखणं कमी होईल, बाक जाणार नाही. बाकासाठी ओढ देणारं यंत्र – एक कडं, दोन दांड्या, स्प्रिंगा. रोज लावायचं, महिनोन्‌महिने. एवढं करून फरक थोडाच, तोही पडेलच असं नाही. ऑपरेशन मीच नको म्हणालो, आता भोगा.

बायकोला आज सांगणारच होतो. जेवताना तिने विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?" "पाठ," म्हणालो.

गुरुवार, ६ मार्च

घरात आतून कडी लागणारी जागा एकच – बाथरूम. मी आत यंत्राशी झटापट करतोय, बाहेर आमच्याकडेच राहणारे सासरे. "जावईबापू, जोर लावू नका. कोमट पाणी प्या!" रात्री जेवताना माझ्या पोटावर चर्चा. बायको मान खाली घालून हसत होती. मला रडू येत होतं.

पाठीच्या नावाखाली बाहेरच्या खोलीत झोपतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

शुक्रवार, ७ मार्च

ढिलं केलं तर सुटतं, घट्ट केलं तर कळ येते. मरू दे!

बुधवार, १२ मार्च

दाताला तार लावून घेतलेल्या निवृत्त बाई आल्या. रबरं लावतच नाहीत. "घरात सगळे हसतात हो, डॉक्टर." एरवी मी असल्यांना फैलावर घेतो. आज म्हणालो, "असू द्या, होतं असं." असिस्टंट बघतच राहिली.

सोमवार, १७ मार्च

बायकोला बढती. पण दुसऱ्या शहरात, तीन वर्षांसाठी. "काय करू?" म्हणाली. "तुझी इच्छा," म्हणालो. "तुला काय वाटतं ते विचारतेय." पुन्हा "तुझी इच्छा." – दगड बरा!

जाऊ नकोस, एवढंच म्हणायचं होतं. पण कुठल्या तोंडाने? थांब म्हटलं तर ती जवळ येणार. जवळ आली की कळणार. कधीपासून अंग चोरतोय मी तिच्यापासून. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"महिनाअखेर कळवायचंय," म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

शुक्रवार, २१ मार्च

यंत्र गायब! सकाळी टॉवेलांमागे हात घातला तर नुसती भिंत. घामाघूम झालो. दुपारी दवाखान्यात फोन आला, कवळ्या करणाऱ्या लॅबवाल्याचा – "डॉक्टर, हे कुठल्या जबड्याचं? साचा नाही पाठवलात." धरणीने पोटात घ्यावं असं झालं. "नमुना आहे, परत पाठव," म्हणालो. "मजबूत आहे हो!" म्हणाला.

घरी बायको – "तुझं दातांचं सामान टॉवेलांत का ठेवतोस? लॅबला जायच्या पिशवीत टाकलं मी. मिळालं ना?"

तेव्हाच सांगायचं! संधी ताटात वाढून आली होती. पण मी हसलो, म्हणालो, मिळालं. गाढव!

गुरुवार, २७ मार्च

तिने होकार कळवला. सासरे माझ्याकडेच राहणार. "बाबांना तुझी सवय झालीय," म्हणाली. आणि तिला? विचारलं नाही.

शुक्रवार, २८ मार्च

सांगितलं. यंत्र ओट्यावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. हसेल वाटलं होतं. ती खुर्ची ओढून बसली.

"मला वाटलं, गर्भपिशवी काढल्यापासून तुला माझी किळस येते."

तिचं ऑपरेशन! गेल्या वर्षीचं. टाके सुकले तसं माझ्या लेखी ते संपलं होतं. देवाशपथ, मनातसुद्धा नव्हतं.

"म्हणून तर बढतीला हो म्हटलं मी," ती म्हणाली.