प्रांजली मॅडमचा काटा आणि बोकडाचा वाटा

७ जानेवारी २०१९
सूड! नववीला शिकवताना मायटोकाँड्रियाला पेशीचा अवयव म्हणालो, तर प्रांजली मॅडमनी स्टाफरूममध्ये हेडसरांसमोर माझीच शिकवणी घेतली. म्हणे, कितीतरी पेशी मिळून अवयव होतो; पेशीच्या आतल्या भागांना अंगकं म्हणतात. शिपाई बन्सीसुद्धा हसला. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनानंतर हेडसर विज्ञान विभागप्रमुख ठरवणार. तो मीच. मग बघतो एकेकाला.

८ जानेवारी
प्लॅन तयार. मॅडम थर्माकोलची पेशी मांडणार. मी खरे अवयव मांडणार! बोकडाचं अख्खं हृदय, यकृत, मूत्रपिंड. डोळ्यांना दिसतं ते विज्ञान. मॅडमची अंगकं दिसतात का कुणाला? पाहुण्यांसमोर असं नाक कापीन की बदली मागतील.

११ जानेवारी
गावी, फुलंब्रीला, मल्हारीदादाला फोन. दुष्काळात चारा नाही, म्हणून बोकड विकून काढतोय. एक गावातच पडणार, म्हणजे कापणार. म्हटलं, आतलं सगळं मला पाहिजे. म्हणाला, व्हय, तुझा वाटा बाजूला काढतो. माणूस शब्दाचा पक्का.

२० जानेवारी, संध्याकाळ
दादानं पाठवलेली पिशवी उघडली. सगळे तुकडे! गावात बोकड पडला की वाटे पडतात, प्रत्येक वाट्यात सगळ्यातलं थोडं थोडं. हे मला लहानपणापासून माहीत आहे. विसरलो नव्हतो, आठवलं नाही इतकंच. दादा म्हणतो, अख्खं तुला देऊन गावाला काय शेपूट देऊ? सुईदोऱ्यानं जोडतो म्हटलं, तर सत्यशीलानं सुई लपवली. धुवायलाही पाणी नाय म्हणाली, नळ परवा येणार. बायकोसुद्धा मॅडमच्या पार्टीत!

२१ जानेवारी
प्रदर्शन झालं. वास थोडा होता. पाहुण्यांनी विचारलं, यातलं हृदय कुठलं? मी ठामपणे दाखवलं. मॅडम म्हणाल्या, ते यकृत आहे. मग त्यातलाच एक तुकडा मागितला. दिला. म्हटलं, भरू देत हात! त्यांनी तो काचपट्टीवर घासला, निळा रंग टाकला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. म्हणाल्या, हा अवयव, या त्याच्या पेशी, आणि पेशीतला हा गडद ठिपका केंद्रक, म्हणजे अंगक. पाहुण्यांना एका दमात कळलं. पोरांची रांग जिन्यापर्यंत. मीही उभा राहिलो, फक्त चूक काढायला. ठिपका दिसला.

२२ जानेवारी
मॅडम विभागप्रमुख. त्यांच्या तक्त्यावर खाली बारीक अक्षरात : यकृत सौजन्य, अजिनाथ सर. नववीचा तो धडा आता मॅडम पुन्हा घेणार. मी मागच्या बाकावर बसायचं, असं हेडसर म्हणाले. बसेन, पण एक अक्षर लिहून घेणार नाही.

उरलेला वाटा सत्यशीलानं शिजवला. मॅडमसाठी डबा भरला, अभिनंदनाचा. शाळेत मीच नेऊन दिला.