हंस छापचं पांढरं बूच

माघ शु. ५, सन १९४६
सांभा परत आला. पलटणीच्या गोदामात होता, लढाई संपली तशी पलटण मोडली. लहानपणी महारवाड्यातल्या पोरांना शाळेत आत घेत नसत. तो ओट्याखाली बसायचा, मी काठावर बसून पाटी त्याच्याकडे वळवून धरायचो. आज थेट माझ्या खळ्यावर आला.
"नाना, पलटणीतला माल पाहा." हंस छाप सिगारेट. टोकाला पांढरं बूच, आत कापूस. वारा सुटला होता, म्हणून आपल्या तोंडात धरून पेटवली आणि मला दिली.
मी बूच तोडून फेकलं. उरलेली ओढली.
मुठीत धरून ओढली असती तर काही दिसलंही नसतं. हात आधी चालला.
"तोडलं काय, नाना?"
"मले वाटलं, वरची बांधणी असन."
"हाव, बांधणीच हाय ते." हसला. मग ज्वारी कशी झाली ते विचारत बसला.
मला ठाऊक होतं ते बूच आहे. त्याचे ओठ लागले होते, म्हणून तोडलं.

माघ शु. ७
देवळात पोथी. देव भक्ताचं उष्टं गोडीने खातो, तो अध्याय. दरवर्षी इथे मी हळू वाचतो आणि बाया डोळे पुसतात. आज भराभर वाचून पोथी बांधली.
सौ. म्हणाली, "आज गाडी सुटत होती काय तुमची?"


माघ वद्य ३
सांभा खळ्यावरून गेला. रामराम केला, थांबला नाही.

माघ वद्य ९
धाडचा बाजार. करीमभाई तंबाखूवाल्याच्या पालापुढे गर्दी. हंस छाप आता इथेही आली. कंपनीचा माणूस पांढऱ्या रुमालातून धूर फुंकून दाखवत होता. बुचातून ओढलेल्या धुराचा डाग जेमतेम. मग बूच तोडून फुंकला, तर रुमालावर पिवळा-काळा डाग.
"मधली घाण हे बूच अडवतं," तो म्हणाला. "हे तोडून ओढणाऱ्याला काय म्हणावं?"
लोक हसले. करीमभाईने माझ्याकडे बोट केलं. "अरे, नानाले इचारा. देवाचा माणूस, खोटं नाही बोलनार."
मी पाकीट घेतलं आणि निघालो. वाटभर तो रुमाल.

माघ वद्य १२
ठरवलं ते असं. सांभाकडे जायचं, त्याला पेटवायला लावायची, त्याच्या हातून आहे तशी घ्यायची. आणि म्हणायचं, मले माहीत होतं.
महारवाड्याच्या चिंचेपर्यंत गेलो. समोरून पाटलाचा गडी आला. "नाना, इकडं कुठं?" म्हटलं, गाय सुटली. दोन लबाड्या झाल्या.
पाकीट देवळीत ठेवलं होतं. सौ. : "देवापाशी सिगारेट काऊन ठेवली?" काढून सदऱ्यात ठेवलं.

फाल्गुन शु. ४
करीमभाई म्हणतो, बूचवाली बंद होणार, पुढचा माल बिनबुचाचा. "झुरक्याले दम नाही म्हनतात. सारेच तोडून वढून राह्यले, नाना."
सारेच. क्षणभर जीव हलका झाला. मग स्वतःचीच किळस आली. त्यांनी दमासाठी तोडलं.

फाल्गुन शु. ८
सांभाला चिखलीला कापसाच्या जिनिंगात काम लागलं. कुटुंब घेऊन निघाला. गाडी चिंचेखाली जुंपत होता, तिथे गाठलं. पाकीट पुढे केलं.
"अरे, हंस. तुमी कधीपासून, नाना?"
"तूच पेटव," मी म्हटलं.
त्याने पेटवली. एक झुरका घेतला. मी हात पुढे केला, वाक्य ओठांवर होतं. तेवढ्यात त्याने चिमटीने बूच तोडलं, धुळीत टाकलं आणि उरलेली माझ्या हातात दिली.
"घ्या. तुमाले अशीच लागते."
टोमणा नव्हता. पाहुण्याला जसं आवडतं तसं देतात, तसं दिलं.
मी ओढली. वाक्य राहून गेलं. त्याची बायको गाडीतून म्हणाली, "नाना, चिखलीले आले की या घरी." गाडी गेली.
बूच उचललं. धूळ झटकली. घरी आणलं.

फाल्गुन शु. ९
पोथी दुसऱ्याला वाचायला दिली. घसा बसला म्हटलं. ही तिसरी लबाडी.
परवा चिखलीचा बाजार. माझं तिथे काही काम नाही. पाकीट सदऱ्यातच आहे.