डीजेचे किती दिले

उंद्री

प्रिय रुपाली,

पत्र माझं आहे हे अक्षरावरून कळलंच असेल. आधी वाच, मग हवं तर फाड. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी हे तोंडाने सांगणं माझ्याच्यानं होणार नाही. तेरवी आटोपून निघताना तू मला एकच विचारलंस, "काका, डीजेचे किती देले?" ब्याऐंशी हजार, मी म्हणालो. तू रिक्षात बसलीस, आईकडे वळूनही पाहिलं नाहीस. नवरा गेल्याचं पोटच्या पोरीपासून लपवलं आणि तिला बापाच्या दारात नाचू दिलं, म्हणून सहा महिने तू आईशी, माझ्या वहिनीशी, बोलत नाहीस. दिवाळीलाही आली नाहीस.

तर ते ब्याऐंशी हजार. आमच्या हरिओमला लग्नात डीजे हवाच होता, पण खरं सांगू, त्याच्याहून जास्त मला हवा होता. शेजारच्या गल्लीत लग्न झालं तेव्हा आमच्या खिडकीची तावदानं थरथरली होती, ते माझ्या मनात सलत होतं. दुसरबीडच्या डीजेवाल्या धम्मदीपकडे मी तीन चकरा मारल्या. बैल घेताना दात पाहावेत तसे त्याचे स्पीकरचे खोके ठोकून पाहिले. तो म्हणाला, लग्नाची दाट तिथी आहे काका, चार तासांचे साठ हजार. मी मान डोलावली, तेव्हा पुढचं निघालं. जनरेटर वेगळा, लाइट वेगळे, गाडीचं डिझेल वेगळं, पोरांचं जेवण आपल्याकडे. घासाघीस करून चौऱ्याऐंशीचे ब्याऐंशी केले आणि सगळे आगाऊ मोजून आलो. वाजलं नाही तर पैशाचं काय, हे मात्र विचारलं नाही. परत मिळत नसतात, हे माझं मीच ठरवून टाकलं होतं.

लग्नाच्या दिवशी साडेनऊला मी दादाला, तुझ्या बाबांना, बोलवायला गेलो. आजारपणाने त्याला चालता येत नव्हतं, पण खुर्चीवर बसवून अक्षतांना तरी न्यावं असं मनात होतं. दादा गेलेला होता. वहिनी उशाशी बसली होती, तिच्या हातात चहाची बशी होती. मी धावत नारायणरावांकडे गेलो, भावकीत जाणतं माणूस तेच. ते म्हणाले, "देवक बसलं हाय, लगन होऊ दे. पण वाजोणं बंद कर. पोरीले बापापाशी बसव, चार मान्सं नेऊन अक्षता टाक." इतकं सोपं होतं, रुपाली. लग्न मोडत नव्हतं, मुहूर्त चुकत नव्हता, सुनेला कुणी बोललं नसतं. फक्त डीजे गप्प ठेवायचा होता. मी त्यांना म्हणालो, दुपारपर्यंत तुम्ही काही ऐकलं नाही असं समजा. ते उठून घरात गेले. माझ्या मांडवात ते जेवले नाहीत, हे तरी तुझ्या ध्यानात आलं होतं का?

मग तू भेटलीस. हरिओमला सख्खी बहीण नाही, करवली तूच. हिरवी साडी नेसून म्हणालीस, "बाबाले साडी दाखवून येतो." मी म्हणालो, आत्ताच डोळा लागला त्यांचा, मागून जाय. इतक्या सहज खोटं बोलता येतं हे मला साठीला आल्यावर कळलं. नवरदेव मारोतीला निघाला. वाटेत तुमचं घर. अर्जुनकाकाले ऐकू द्या म्हणत पोरांनी गाडी नेमकी तिथेच थांबवली आणि आवाज वाढवला. तू बंद खिडकीकडे पाहून हात उंच केलेस, हसलीस, नाचलीस. एक वाजता अक्षता पडल्या आणि मग मी तुला सांगितलं.

मागच्या महिन्यात धम्मदीप रस्त्यात भेटला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तो माझ्याकडे बघेना. म्हणाला, "काका, एक फोन करता तं मी गाडी अर्ध्या रस्त्यातून फिरवली असती. मयतीच्या घरचे पैसे ठेवतो का मी?" आणि त्याने तिथेच चाळीस हजार काढून माझ्या हातात दिले. मी घेतले नाहीत असं लिहायला मला आवडलं असतं. घेतले. कपाटात पडून आहेत. थुंकावंसं वाटत असेल तर थुंक, मी त्याच लायकीचा आहे.

पण आईवर नको. चिखलीची एसटी आली की ती ओट्यावर येऊन उभी राहते, आणि तिला पाहून परवा मी ठरवलं की आता लिहायचंच. दादा गेल्यावर वहिनीचा पहिला शब्द, "रुपालीले बोलवा," हा होता. मी थांबा म्हणालो तर ती मला ढकलून उठली. मी बाहेर आलो आणि दाराला कडी घातली. नारायणरावांकडे धावलो ते त्यानंतर. मिरवणूक तुमच्या घरासमोर थांबली तेव्हा मी त्या दाराला पाठ लावून उभा होतो. आतून ती दार बडवत होती. त्या आवाजात कुणाला काही ऐकू आलं नाही, मलाही नाही, पण एकेक धक्का माझ्या पाठीत बसत होता आणि मी हललो नाही. मग मी तिचे पाय धरले, नव्या सुनेचा संसार मोडेल, दोन्ही घरं फुटतील, तू मला नावं ठेवशील म्हणालो, आणि तिने सगळं स्वतःवर घेतलं. तिने तुझ्यापासून काही लपवलं नाही, पोरी. ती तुझ्याकडे यायला निघाली होती, मी तिला कोंडलं.

तुझाच म्हणायचा हक्क उरला नाही, तरी तुझाच,
भागवतकाका