उबवणीस दिलेल्या स्थगितीबाबत

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
परवाना विभाग, दुसरा मजला.

विषय : कोंबडीच्या अंड्यांची उबवणी स्थगित ठेवण्याच्या आदेशामुळे उद्भवलेल्या परिस्थितीबाबत.

संदर्भ : १) हॅचरीच्या दारावर गुरुवारी चिकटवलेला आपला आदेश.
२) शनिवारी दूरध्वनीवरून दिलेला आपला तोंडी आदेश.

महोदय,

या अर्जात अर्जदार स्वतःचा उल्लेख 'अर्जदार' असाच करीत आहे, कारण 'मी' म्हणून लिहायला घेतलेले आधीचे दोन कागद रागाच्या भरात फाटले. तरी झालेली हकीगत खालीलप्रमाणे सादर आहे.

१. अर्जदार व तिची धाकटी जाऊ अशा दोघी मिळून वस्तीबाहेरच्या शेडमध्ये अंडी उबवण्याचे केंद्र चालवतात. अंडी आधी सेटर यंत्रात राहतात. शेवटचे तीन दिवस ती शेजारच्या खोलीत, हॅचर यंत्रात हलवावी लागतात व तेथे पिल्ले बाहेर येतात. आपल्याच कार्यालयाने दिलेला परवाना 'अंडी उबवणे' या कामाचा असून त्याचे नूतनीकरण कधीही चुकलेले नाही.

२. गुरुवारी दुपारी आपण स्वतः तपासणीस आलात. पहिल्या खोलीत अंडी आहेत, ती परवान्यात बसतात. दुसऱ्या खोलीत मात्र पक्षी तयार होतात आणि पक्ष्यांचा परवाना वेगळा असतो, असे आपले मत पडले. त्यावर जाऊ म्हणाली, "साहेब, अंडी उबवल्यावर पिल्लंच येणार ना? दुसरं काय यायचं?" हा प्रश्न तिने खरोखर विचारला होता. आपण तो उद्धटपणा समजलात. हॅचरच्या खोलीला सील लागले, दारावर आदेश चिकटला : 'सदर खोलीतील उबवणीची प्रक्रिया पुढील आदेशापर्यंत आहे त्या स्थितीत स्थगित ठेवावी.' पहाऱ्याला आपल्या कार्यालयाचे शिपाई, ज्यांना सगळे नाना म्हणतात, ते स्टूल टाकून बसले. यंत्र आत चालूच होते. आदल्याच दिवशी भरलेली अंडीही आतच होती.

३. शुक्रवारी अर्जदार कार्यालय उघडण्याआधीच जिन्यात येऊन उभी राहिली. आपण दौऱ्यावर होता. लिपिक म्हणाले, "अर्ज ठेवून जा, साहेब सोमवारी बघतील."

"अंडी सोमवारपर्यंत थांबत नाहीत हो," अर्जदार म्हणाली.

"मग तुम्ही थांबवा. आदेश अंड्यांना नाही, तुम्हाला आहे."

यंत्र बंद केले तर आतला जीव मरेल, हे सांगितल्यावर ते दुखावले. "मारा असं आम्ही कुठं म्हटलंय? फक्त स्थगित ठेवा." मग त्यांनी पक्ष्यांच्या परवान्याचा नमुना पुढे केला. त्यासाठी आधी पक्ष्यांची पाहणी व्हावी लागते. पक्षी दाखवायचे तर ते जन्मावे लागतात, आणि जन्माला परवाना लागतो. अर्जदाराने हे तीनदा समजावले. तिसऱ्या वेळी तिचा आवाज चढला, ही गोष्ट ती नाकारत नाही. "बाई, डोकं थंड ठेवा," असे लिपिकांनी सांगितले. ज्या बाईचा दिवस ऊब राखण्यात जातो, तिला हा सल्ला कसा लागला असेल, याची कल्पना आपण करावी.

४. शनिवारी कार्यालयास सुट्टी होती. सकाळपासून दारामागे चिवचिवाट सुरू झाला. दुपारी यंत्राचा भोंगा वाजू लागला. त्याचा अर्थ, आतल्या तबकातले पाणी आटले. पिल्लू चोचीने टरफलाला टवका पाडते तेव्हा हवेत ओल नसेल, तर टरफलाखालचा पापुद्रा वाळून त्याच्या अंगाला चिकटतो आणि अर्धे बाहेर आलेले पिल्लू जागच्या जागी अडकून पडते. दोन तांबे पाणी ओतण्याचे काम होते. पाणी दाराच्या अलीकडे होते आणि तबक पलीकडे.

नानांनी दाराला कान लावला. ते नियमाला पक्के आहेत. गुरुवारपासून त्यांनी अर्जदाराचा चहासुद्धा घेतला नव्हता. त्यांनी आपल्याला फोन लावला. "साहेब, आत पिल्लं ओरडतायत. पाणी तरी घालू द्या." आपले उत्तर अर्जदाराने शेजारी उभी राहून ऐकले : "सीलला हात लागला तर तुमची नोकरी गेली म्हणून समजा."

नानांनी फोन खिशात ठेवला. मग स्टूल उचलून त्यांनी रस्त्याकडे तोंड करून मांडले आणि बसता बसता म्हणाले, "वहिनी, मला मान वळवता येत नाही. जुनं दुखणं आहे."

५. सील अर्जदाराने तोडले, जाऊबाईंनी नव्हे आणि नानांनी तर नव्हेच. त्याची जी काय शिक्षा असेल ती एकट्या अर्जदारास व्हावी. आत शिरताच तोंडावर भट्टीसारखी हवा आली. वरच्या तीन ट्रेंमधला आवाज थांबलेला होता. टवके पडलेले होते, त्यातून चोचींची टोके दिसत होती, आणि त्यापुढे काही नव्हते. उरलेल्या ट्रेंवर दोघींनी कोमट पाण्याचे फडके धरून एकेक पिल्लू सोडवले. जाऊ हुंदके देत होती आणि हातातले काम मात्र थांबू देत नव्हती. त्या वेळी ट्रे धरायला तिसरे कोण होते, ते अर्जदारास गर्दीमुळे दिसले नाही. गर्दी पिल्लांची होती.

६. संध्याकाळी आपण फोनवर कळवलेत की, बेकायदा जन्मलेले सर्व पक्षी जप्त समजावेत व सोमवारी कार्यालय उघडताच जमा करावेत. नानांकडून खुलासाही मागवलात. अर्जदार आदेश मोडणारी बाई आहे, असा आपला समज झाला असेल. तो दूर व्हावा म्हणून हा आदेश तिने तंतोतंत पाळला आहे. जप्त मुद्देमाल टेम्पोने आणून आपल्या दालनाबाहेरच्या व्हरांड्यात मांडला असून हा अर्ज तेथेच बाकावर बसून लिहिला आहे.

तरी विनंती की,

(अ) व्हरांड्यातला पंखा तातडीने बंद करावा. मुद्देमालास वारा सोसत नाही.

(आ) पोटातल्या बलकावर पिल्ले आजचा दिवस काढतील. संध्याकाळपासून त्यांना पाणी, दाणा व रात्रभर दिव्याची ऊब लागेल. ही जबाबदारी ताबा घेणाऱ्याची आहे, म्हणून पोच स्वतः आपण सही करून द्यावी. ती द्यायची नसल्यास मुद्देमाल सोडल्याचा लेखी आदेश द्यावा. टेम्पो खाली उभा आहे आणि पिल्लांची वाट पाहणारे पोल्ट्रीवाले फोनवर फोन करीत आहेत.

(इ) नानांकडून खुलासा मागवल्याचा आदेश मागे घ्यावा. तो गृहस्थ पहाऱ्याची जागा सोडून कोठेही गेलेला नाही.

एवढे होईपर्यंत अर्जदार येथून हलणार नाही.

आपल्या दाराबाहेर बसलेली,
आपली नम्र,
(सही)
केंद्रचालक, उबवणी केंद्र
सोमवार, सकाळी

सोबत :
१. आदेशाची प्रत.
२. तुटलेले सील, पुडीत.
३. पिल्ले, छत्तीस खोकी, जिवंत. (एक खोके लिपिकांच्या टेबलावर आहे. ते त्यांनी स्वतः उचलून आत नेले आणि टेबलावरचा दिवा त्यावर वाकवून ठेवला आहे.)