गवळणीची चाल

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७.
चाळीस वर्षं लोककलेवर नुसतं प्रेम केलं. आता कृती. शिमग्यात गावच्या नमनाच्या खेळात यंदा अस्सल जुनी गवळण झालीच पाहिजे. गेल्या वर्षी कृष्णाला गॉगल, आणि गोपी स्पीकरवरच्या रिमिक्सवर नाचत होत्या. मी पाठ फिरवून बसलो. हौसा टाळ्या वाजवत होती. बायकोला यातलं काय कळणार.

९ फेब्रुवारी.
एसटीने गावी. मृदंगवाले महिपतकाका म्हणाले, जुन्या गवळणीची चालच कुणाला आठवत नाही. किळसवाणी अनास्था. शब्द माझ्या वहीत आहेत, पुढच्या रविवारी शिकवतो, असं सांगून आलो. चाल सुचेल.

१२ फेब्रुवारी.
रियाज उद्यापासून. आज घसा.

१५ फेब्रुवारी.
रियाज केला. दहा मिनिटं. शेजारच्या नम्रता मॅडमनी फोन करून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. या रत्नागिरीला कान नाहीत.

१६ फेब्रुवारी.
हौसाही सोबत आली, जावेला भेटायला. देवळात सराव. मी गायलो. दुसऱ्या ओळीला पोरं मोबाइल बघायला लागली. शिसारी आली. तिसऱ्या कडव्याला महिपतकाकांनी मृदंग मांडीवरून खाली ठेवला. यांना ताल धरता येत नाही!
तेवढ्यात खांबाला टेकून बसलेली हौसा गायला लागली. तीच गवळण. माझ्या वहीत नसलेली दोन कडवीसुद्धा. काकांनी मृदंग परत ओढून घेतला. डोळे पुसत म्हणाले, केरूची लेक ना तू, मी कसा विसरलो.
केरूबाबा म्हणजे माझे सासरे. पलीकडच्या गावच्या नमनात जन्मभर गवळण म्हणायचे म्हणे. त्यांच्याशी मी कायम पावसापाण्याचंच बोललो.
परतताना हौसाला विचारलं, चौतीस वर्षं बोलली का नाहीस. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुमी कधी इचारलंत?"
उत्तर होतं. पण बस फार हलत होती.

१९ फेब्रुवारी.
काकांना फोन. परंपरेत बाई गात नाही, हे स्पष्ट कळवलं. ते म्हणाले, "परंपरेला चाल नको काय, आत्माराम?" फोन ठेवला. त्यांनीच.

२३ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १२.
हौसा सकाळच्या एसटीने सरावाला गेली. मला बोलावणं नाही.
कुकर लावलाय. शिट्ट्या किती काढायच्या, ते विचारायचं राहिलं.