प्राणवायूची चावी

तीर्थपुरी, श्रावण २००४

प्रिय पुष्पा,

तुला नातू झाला. आनंद झाला असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. सातव्याच महिन्यात झाला आणि काचेच्या पेटीत ठेवलाय, हे काल तुझ्या भावाने जालन्याहून येऊन सांगितलं. तू पेटी सोडून हलत नाहीस, हेही सांगितलं. मला नवल वाटलं नाही. आष्टीच्या शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हापासून तुला ओळखते. हट्टाने मला या घरची सून करून आणलीस तीही तूच.

माझी चतुरा अशीच आली होती, लग्नानंतर बारा वर्षांनी आणि दिवस भरायच्या आत. मी तापाने फणफणून पडले होते आणि तिच्या पेटीपाशी तू पहारा द्यायचीस. नर्स प्राणवायूची चावी कमी करून जायची, तिची पाठ वळली की तू ती पूर्ण उघडायचीस. मला येऊन सांगायचीस, "लई कंजूस बाई हाये ती. म्या पुन्हा फुल करून आले. आपल्या लेकराला हवा बी मोजूनच द्यायची का?" मी तुझे हात डोळ्यांना लावले होते, आठवतं?

पोरीला दिसत नाही हे कळल्यावर ग्रहणही तूच शोधून काढलंस. दिवाळीतल्या त्या सूर्यग्रहणात म्हशीने दावं तोडलं म्हणून मी अंगणात गेले होते, एवढंच. "पोटुशी असून बाहेर गेल्ती, मंग काय होणार," हे तू सगळ्या भावकीत बराबर पोचवलंस. तुझ्या भावाने पोरीला कधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं नाही. पापाला कसलं औषध? मीही मान खाली घालून राहिले, सूर्याची माफी मागत.

गेल्या उन्हाळ्यात तिला अंधशाळेत घालायला औरंगाबादला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं, ग्रहणाचा काही संबंध नाही. प्राणवायू गरजेपेक्षा जास्त झाला की अंगात त्याचेच जहाल कण तयार होतात आणि पेशी पोखरतात. हवेने लोखंड गंजतं तसं. मोठ्या माणसाचं शरीर त्यांना आवरतं, अपुऱ्या दिवसांच्या लेकराला ते जमत नाही. त्याच्या डोळ्यांतल्या कोवळ्या रक्तवाहिन्या जातात, पुढे पडदाच सुटतो. म्हणून ती नर्स चावी कमी करत होती.

मी तुला हे एकांतात सांगणार होते, चारचौघांत नाही. तुझ्या लेकीच्या डोहाळजेवणाला यायचं म्हणून लुगडंही काढून ठेवलं होतं. तर तुझा निरोप आला, "वैनीला आणू नको. आंधळीच्या मायनं ओटी भरायची न्हाई." चतुरा शेजारीच बसली होती. तिने ऐकलं आणि लुगडं घडी करून माझ्या हातात दिलं.

काल तुझा भाऊ कौतुकाने सांगत होता, "पुष्पी लई हुशार. नर्स चावी कमी करती, ही पुन्हा वाढवती." दवाखान्याचा नंबर त्याने भिंतीवर लिहून ठेवलाय. फोन माझ्या हाताशी आहे आणि चालू आहे. सकाळपासून मी दोनदा उचलून पाहिला आणि ठेवून दिला. हे पत्र मंठ्याला तुझ्या घरच्या पत्त्यावर टाकते. नातवाला घेऊन घरी येशील तेव्हा उंबऱ्यात पडलेलं सापडेल. आधी दिवा लाव, त्याच्या डोळ्यांपुढून फिरव, आणि मग वाच.

तुझीच,
नंदा