मोहोळाखालचा निरोप

रवि. ४ डिसें. ८८
लोणाडची लेणी. ठाकुर्लीच्या आमच्या बुद्धविहाराची सहल, बहुतेक बायका आणि दोन आजोबा. नेहमीप्रमाणे वाट दाखवायला गळ्यात शिट्टी घालून मी पुढे, रेंगाळणाऱ्यांना हाकत जाधव सगळ्यांत मागे. (यापुढे ज. लिहीन. हात दुखतो.) तीन वर्षं हीच व्यवस्था, त्यामुळे आम्ही दोघं कधी एकत्र चाललेलो नाही.
कड्याला आग्या मोहोळ पुन्हा बसलंय. त्याच्याखालून जाताना आवाज करायचा नाही, निरोप द्यायचा तर कानातून कानात. आज मागून निरोप आला, "बाईंनी पाणी प्यावं." म्हणजे एवढ्या लांबून दिसतं यांना, मी पीत नाही ते! चिडले. मग प्यायले.

सोम. ५
शाळेत चौथीला अपूर्णांक शिकवले. डोक्यात कालचं पाणी. शेहेचाळीस वय आणि हे धंदे.

रवि. १८
पुन्हा लोणाड. वंदना झाली. गावातल्या बायका लेण्यातल्या देवीला हळदकुंकू वाहायला आल्या होत्या, त्यांनाही आमची भाकरी-चटणी दिली. ज. जवळ येऊन बसले. बायको गेल्यापासून स्वतःच करतात, वांग्याचं भरीत छान होतं. म्हणाले, "बाई, तीन वर्षं मी तुमची नुसती पाठ बघतोय."
मी म्हटलं, "वाटच तशी आहे."
हे काय उत्तर झालं? परत येताना कल्याणला एसटीतून उतरल्यावर त्यांनी सरळ विचारलं. लग्नाचंच. "सुमेधशी मी बोलू का?" नको म्हटलं, माझ्या मुलाशी मीच बोलते.

मंगळ. २०
बोलले. सुमेध जेवत होता. उठला, ताट घासून ठेवलं. मग, "बाबांचा फोटो तिथंच राहील ना?"
"अरे, तो कुठे जाणार?"
त्यानं रेडिओ लावला. कंपनीतून उशिरा येतो, आल्यावर रोज हेच. त्याला नको असेल तर मी करणार नाही, हे नक्की. पण मला हवंय. खूप हवंय. लिहिलं एकदाचं.

शनि. २४
भाजीत मीठ जास्त झालं तरी मुकाट्यानं खाल्लं पोरानं. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

रवि. १ जाने. ८९
सकाळी सुमेध बूट घालून दारात. "मी पण येतो." जन्मात कधी आला नव्हता. माझ्या मागोमाग चालत राहिला. इथून डावीकडे का, त्या झाडापासून वळायचं का, चौकशा चालू.
कड्याखाली आलो, सगळे गप्प. तेवढ्यात मागे कुजबुज. वळून बघते तर बायका एकीच्या कानाला लागून दुसरी, शांताबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबलेला. हसायची सोय नाही, वर मोहोळ! निरोप सुमेधपर्यंत आला. तो थबकला. मग माझ्या कानाशी आला.
"आई, जाधवकाका विचारतायत, पुढच्या सहलीला तू मागे चालशील का, त्यांच्याबरोबर."
मेला माणूस! माझा होकार नकार कळायच्या आत सगळ्या विहाराला सांगून मोकळा. ओरडावंसं वाटलं, तेही करता येईना. म्हटलं, "त्यांना सांग, मग पुढे कोण चालणार?"
सुमेधनं निरोप मागे दिलाच नाही.
"मी चालतो की. वाट बघून घेतली आज."
मला रडू आलं. रांग तशीच उभी, कुणी हूं की चूं नाही.

मंगळ. ३
ज.ना अजून उत्तर दिलेलं नाही. १५ ला सहल आहे. सुमेधनं माझी शिट्टी मागून घेतली. दिली.